"८० टक्के जमलं की बाजारात उतरा" हे खायच्या मालाला लावू नका

भाजणीवाली
परवा इथे एकांनी लिहिलं, "परफेक्शनचा नाद सोडा, माल ८० टक्के जमला की बाजारात उतरा, पुढचं गिऱ्हाईकच शिकवेल." खाली सगळे वा वा करतायत. मला राहवलं नाही म्हणून लिहितेय, मोठं होईल.

२०२३ च्या दिवाळीआधी मी असंच काहीतरी ऐकून चकलीची भाजणी विकायला काढली. घरच्या दोन किलोचा अंदाज हातात होता, २० किलोचा नव्हता. कढई मोठी, उडदाची डाळ एका बाजूने करपायला लागली आणि दुसऱ्या बाजूने पांढरीच. दळून डबा घरी आणला, झाकण उघडलं तेव्हाच वासावरून कळलं की हे आपलं नेहमीचं नाही. तरी म्हटलं चला, ८० टक्के तर आहे, आणि पाकिटं भरली. वसुबारसेला सकाळपासून फोन सुरू. एका काकूंनी व्हिडिओ पाठवला, सोऱ्यातून वेटोळं नीट पडतंय पण उचलून तेलात सोडलं की तुकडे. डाळ जास्त भाजली की पिठाचा चिकटपणाच जातो, मग काय होणार. त्या ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "अगं लेक-जावई उद्या येतायत."

४० पाकिटांचे पैसे परत केले मी. पण त्यांची दिवाळी कशी परत करू? त्यातल्या निम्म्या बायका पुन्हा आल्या नाहीत. गिऱ्हाईक शिकवत बसत नाही हो, शेजारच्या दुकानात जातं.

कोथरूडकर८४
ती पोस्ट माझीच आहे, त्यामुळे उत्तर देतो. ताई, तुम्हाला वासावरून कळलं होतं ना? मग ते ८० टक्के कुठे होतं, ती तर घाई झाली, आणि तिचं खापर माझ्यावर कशाला? मी लिहिलं ते माझ्या बहिणीकडे बघून. टेराकोटाचे दागिने करते, हात सुरेख आहे, चार वर्षं झाली, एक जोड विकलेला नाही. बोहरी आळीत खोक्यांसाठी सहा फेऱ्या झाल्या, मी स्वतः गाडीवर घेऊन गेलोय. आधी रंग आवडला नाही, मग झाकण सैल लागलं, मग लोगो बदलायचा म्हणून परत सगळं शून्यावर. तिच्या खोलीत १५० जोड वर्तमानपत्रात गुंडाळून पडलेत. ते बघून पोटात तुटतं माझ्या. तिला 'अजून थोडं थांब' सांगणारे शंभर भेटलेत, 'काढ बाहेर' सांगणारा कोणी तरी हवा की नको?

भाजणीवाली
घाई माझी, मान्य. पण ती पोस्ट फक्त तुमची बहीण वाचत नाही ना, पापड-लोणचं करणाऱ्या बायकाही वाचतात. खोका वाईट असला तर कोणाचं पोट बिघडत नाही. त्या पोस्टखाली तर एकाने लिहिलंय एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या सरकारी परवान्याचं, नंतर बघू, आधी विका. अहो तो १४ आकडी नंबर पाकिटावर पहिल्या दिवसापासून लागतो!

लेथमास्तर
भोसरीत १९ वर्षं वर्कशॉप आहे. आमच्याकडे हा वादच होत नाही कारण ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिलेला असतो. ०.०२ मिमी म्हणजे ०.०२. त्याच्या बाहेर गेला की जॉब रिजेक्ट, आणि आत आल्यावर पॉलिश करत बसलात तर त्याचे कोणी जास्त पैसे देत नाही. तुम्हा दोघांकडे ड्रॉइंग नाही म्हणून भांडताय. आणि आम्ही पहिला पीस काढून मोजतो, तो पास झाला की मगच लॉट. ताईंनी २० किलोच्या आधी पाच किलो भाजून चार चकल्या तळून बघितल्या असत्या तर हा धागाच निघाला नसता.

पण खरं सांगू का, माल परफेक्ट देऊनसुद्धा पैसे १२० दिवसांनी येतात, त्याचं काय? त्यावर कोणी पोस्ट लिहीत नाही.

पेठेतला_प्रेसवाला
मास्तर, कायदा आहे की. लहान उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

लेथमास्तर
टाका म्हणे! माझं ७० टक्के काम एकाच कंपनीचं आहे. तक्रार टाकली की पुढच्या महिन्यापासून मशीन बंद, तीन ऑपरेटरांचा पगार तुम्ही देणार का? कायदा मला तोंडपाठ आहे, फोन लावायची हिंमत होत नाही हे दुखणं आहे.

सीएची_बायको
पण आयकराचं ४३बी(एच) कलम आल्यापासून फरक पडलाय काका. माल घेणाऱ्या कंपनीने वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षी धरता येतो. मार्चमध्ये आमच्याकडे लोक स्वतःहून याद्या घेऊन येतात.

लेथमास्तर
आणि मला एका ठिकाणी सांगितलं, उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, जिच्यामुळे हे नियम लागतात) काढून टाक मग काम देतो. हे लिहा तुमच्या यादीत.

भाजणीवाली
काका, धागा भाजणीचा आहे, कृपा करून वेगळा काढा ना. (पण हो, माझेही दोन दुकानांत २०२४ पासून पैसे अडकलेत. "विकलं की देतो" म्हणतात आणि फळीवर माझं एकही पाकीट दिसत नाही.)

पेठेतला_प्रेसवाला
वेगळा कशाला, हा तोच विषय आहे. माझं सांगतो. लग्नपत्रिका छापतो. प्रूफ पाच वेळा वाचतो आणि ते सोडणार नाही, कारण एकदा वधूच्या वडिलांचं आडनाव चुकलं होतं आणि तो माणूस काउंटरवर उभा राहून रडला होता. पण बिल? ते तीन तीन आठवडे करायचोच नाही. फॉरमॅट नीट करू, हिशोब पुन्हा तपासू, मग पाठवू. बायको एक दिवस म्हणाली, तुम्हाला बिल चुकायची भीती नाही, पैसे मागायची लाज वाटते. खरं होतं ते. आता पत्रिकांचा गठ्ठा हातात देतानाच बिल देतो, जसं असेल तसं.

कोथरूडकर८४
हे माझ्या बहिणीला वाचून दाखवतो. खोक्याचं निमित्त आहे, "किंमत किती?" विचारलं की ती खाली बघते, हे मी पाहिलंय.

ताई, पोस्टमधलं '८० टक्के' काढतो आणि खायच्या मालाला लागू नाही असं वर लिहितो. 'सुरू करा' मात्र तसंच राहील, त्यावर तुम्ही कितीही चिडलात तरी.

भाजणीवाली
राहू द्या, चिडले नाही. मीही गेल्या वर्षी पाच-पाच किलोचेच घाणे काढले, दर घाण्याच्या चकल्या तळून बघितल्या, तेव्हा मास्तरांचं पटतंय, जरी त्यांनी ते ज्या सुरात सांगितलं तो सूर मला आवडला नाही.

बहिणीला सांगा साध्या पांढऱ्या खोक्यात एक जोड मला पाठवायला, मोरपंखी असेल तर बरं. किंमत तिने स्वतः फोन करून सांगायची, तुम्ही नाही. पैसे मी आधी पाठवते.