बंगळुरूहून जुनी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० बाइक कोल्हापूरला कशी आणावी?

करवीर_३५०
बंगळुरूला २०१६ ची क्लासिक ३५० ठरवली आहे. कार्ब्युरेटरवाली, मागे ड्रम ब्रेक, केए (कर्नाटक) पासिंग. सात-आठ महिने नुसती उभी आहे. टोकन दिलंय, बाकी पैसे शनिवारी देणार. आता आणायची कशी? चालवत आणायची तर सहाशे किलोमीटरच्या वर जातं. रेल्वेने मिरजेपर्यंत येते म्हणतात. ट्रान्सपोर्टवाले प्रत्येक जण वेगळा भाव सांगतो. आणि कुठले कागद तिथूनच घ्यायचे? दुसरी खेप नको.

पासिंग_ट्रॅक
दादा, आधी कागद. गाडी घरी आली की विकणाऱ्याचं लक्ष उडतं, आणि एनओसी (आरटीओचा ना हरकत दाखला) तर त्याच्याच सहीने, तिथल्याच आरटीओतून निघते. फॉर्म २८ वर (एनओसीचा अर्ज) कोल्हापूर, एमएच ०९ असंच लिहून घ्या. गाडी मिरजेला उतरणार म्हणून कुणी सांगलीचं एमएच १० टाकलं, तर सगळं पहिल्यापासून. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० (दोन्ही गाडी नावावर करायचे) सही करून घ्या. सही आरटीओच्या नोंदीतल्या सहीशी जुळली पाहिजे. आरसीवर एचपी (गाडीवरच्या कर्जाची नोंद) दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि ती नोंद काढायचा फॉर्म ३५ हवा. ‘कर्ज कधीच फिटलंय’ हे तोंडी चालत नाही. चासी नंबरचे पेन्सिल प्रिंट चार-पाच जास्तीचे काढून आणा. गाडीच्या नंबरवर थकलेली ई-चलनं आधीच बघा, त्यांच्यामुळे एनओसी अडकते.

माझं स्पष्ट मत: किमतीतला थोडा हिस्सा एनओसी हातात येईपर्यंत मागे ठेवा आणि तसं सौदापत्रात लिहा. त्यात ताबा घेतल्याची तारीखच नव्हे, वेळही टाका. त्या मिनिटानंतरची चलनं कुणाची, हा वाद तिथेच मिटतो.

इन्शुरन्स नावावर करायला १४ दिवसांत अर्ज द्या. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतं, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं येत नाही. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याची सूट) तुम्हाला मिळत नाही, तो फरक भरावा लागतो. कोल्हापूर आरटीओत ३० दिवसांच्या आत जा. इकडचा टॅक्स गाडीच्या वयावर बसेल.

पार्सल_खिडकी
रेल्वेत दोन प्रकार आहेत. तुमच्याकडे त्याच रेल्वेगाडीचं तिकीट असेल तर लगेज म्हणून बुक होते आणि शक्यतो तुमच्यासोबतच येते. पार्सल म्हणून टाकली तर डब्यात जागा मिळेल त्या दिवशी निघते. राणी चन्नम्मा एक्सप्रेस मिरजेला येते, तिचं तिकीट काढून लगेजच करा. रेल्वे सुटायच्या चार-पाच तास आधी पार्सल ऑफिसला पोचा. आरसी आणि इन्शुरन्सची झेरॉक्स, ओळखपत्र, आणि आरसी अजून तुमच्या नावावर नाही म्हणून विकणाऱ्याचं सहीचं पत्र जवळ ठेवा.

टाकी पूर्ण रिकामी लागते. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद करून कार्ब्युरेटरकडची पेट्रोलची नळी काढा, तिचं टोक कॅनमध्ये सोडा, मग कॉक रिझर्व्हवर फिरवा. नुसतं ‘ऑन’वर ठेवलं तर रिझर्व्हचं पेट्रोल टाकीतच राहतं, आणि तपासणीत नेमकं तेच सापडतं. नंतर फ्लोट बोलखालचा (कार्ब्युरेटरची खालची वाटी) ड्रेन स्क्रू ढिला करून तिथलंही काढा. झाकण उघडून गाडी तासभर सावलीत, मोकळ्या हवेत ठेवली की वास जातो.

पॅकिंग समोर उभं राहून करून घ्या. आरसे काढून बॅगेत. टाकीवर आधी स्पंज किंवा पुठ्ठा, त्यावर गोणपाट. नुसतं गोणपाट घासून रंग नेतं. क्लच आणि ब्रेक लिव्हरचे क्लँप ढिले करून लिव्हर खाली फिरवा, नाहीतर त्यांची गोल टोकं हमखास मोडतात. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडल लॉक उघडं हवं, कारण हमाल ढकलूनच चढवतात. नाव, मोबाईल, ‘बंगळुरू ते मिरज’ हे गोणपाटावर पुढे-मागे जाड मार्करने लिहा. पावतीवर गाडीची किंमत जाहीर करून जादा आकार भरा. नाहीतर भरपाई वजनाच्या हिशेबाने, अगदी तुटपुंजी मिळते. मिरजेला वेळेत सोडवली नाही तर व्हार्फेज (माल पडून राहिल्याचा आकार) चढतं.

करवीर_३५०
आभारी आहे. पण सर्व्हिस करून चालवतच आणली तर? दोन दिवस मोकळे आहेत.

पाना_चौदा
सात-आठ महिने उभी असलेली गाडी लगेच लांब काढू नका. जुनं पेट्रोल चिकट होऊन पायलट जेट (कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक) बुजवतं. गाडी चोक ओढल्यावरच चालते आणि रेस सोडली की बंद पडते. चालवायचीच असेल तर आधी कार्ब्युरेटर उघडून साफ करणं, ऑइल आणि फिल्टर, ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल, दोन्ही प्लग (ही ट्विनस्पार्क आहे, एकच बदलून भागत नाही). टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: ‘१४१६’ म्हणजे २०१६ चा चौदावा आठवडा. तोच मूळ टायर असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, हायवेला नको.

स्पोक एकेक करून पान्याने हलकेच वाजवा. टणक, खणखणीत आवाज हवा. जो ‘थद्’ वाजतो तो ढिला. चाक फिरवत सगळे तपासायला दहा मिनिटं लागतात. टायर ट्यूबचे आहेत, म्हणून पुढची १९ आणि मागची १८ इंची ट्यूब, क्लच केबल, चेन लॉक, फ्यूज सोबत घ्या. पहिला दिवस हुबळीपर्यंतच. सुरुवातीला पन्नास किलोमीटरवर थांबून दोन्ही अ‍ॅक्सल नट आणि चेन बघा. ऑइल मात्र मेन स्टँडवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी इंजिनवरच्या काचेतून बघायचं. साइड स्टँडवर पातळी चुकीची दिसते.

तरी माझ्या मते रेल्वेच बरी. मिरजेला उतरल्यावर टाकी कोरडी असेल, म्हणून पंप जवळ कुठे आहे ते आधी बघा, किंवा कुणालातरी कॅन घेऊन बोलवा. पेट्रोल टाकल्यावर लगेच किक मारू नका. कॉक उघडून दोन मिनिटं थांबा, कार्ब्युरेटरखाली हात लावून बघा. ओला लागला तर फ्लोटची सुई (पेट्रोल थांबवणारी) अडकली आहे. बोलवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दोन हलके ठोके दिले की बहुतेक वेळा सुटते. नाही सुटली तर कॉक बंद करा आणि मेकॅनिककडे ढकलत न्या. तशी सुरू करून जयसिंगपूर गाठायचा प्रयत्न नको, पेट्रोल सरळ गरम इंजिनवर गळतं.