मदत हवी आहे: शिंपले गाळमुक्त करायला किती तास?

नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सांगलीजवळ कृष्णेतल्या शिंपल्यांमधलं शिसं, कॅडमियम आणि युरेनियम मोजायचंय. हरिपूरला वारणा मिळते, त्या संगमाच्या वर आणि खाली अशा दोन जागा घेतल्यात. पाण्याचे नमुने गाळून, नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणलेत. तिथे अडचण नाही. पण पहिला शिंपला उघडला तर आतड्यात काळाकुट्ट गाळ! तसाच वाळवला तर आकडा मांसाचा की गाळाचा, कळणारच नाही. म्हणून उरलेले अकरा गाळलेल्या नदीच्या पाण्यात ठेवलेत (बोअरचं टाळलं, त्यातच युरेनियम असू शकतं). रोज पाणी बदलतोय. आयसीपी-एमएसवर (धातूंचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र) तपासणी एकदाच करता येणार आहे. आतडं रिकामं व्हावं, पण मांसातला धातू निघून जाऊ नये, यासाठी २४ तास पुरतात की ४८ लागतात?