मदत हवी आहे: बेसाल्टच्या सांध्यातून पाणी हिशोबाच्या मानाने फारच कमी येतंय

दगडफोड्या
मंडळी, सोमवारी गाईडला रिझल्ट दाखवायचेत आणि माझं गणित काही बसत नाहीये. बेसाल्टचा कोअर (ड्रिलने काढलेला दंडगोल तुकडा) मधोमध उभा फोडलाय, दोन्ही भाग परत जुळवून सेलमध्ये घातलेत आणि फटीतून पाणी सोडतोय. क्यूबिक लॉने (गुळगुळीत फटीतलं पाणी फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात) मिनिटाला 84 मिली यायला पाहिजे, येतंय 11. मग बार्टनचं जेआरसीवालं (जेआरसी म्हणजे सांध्याच्या खडबडीतपणाचा आकडा) सूत्र लावलं तर उत्तर जवळपास शून्य! म्हणजे एकीकडे पूर आणि दुसरीकडे दुष्काळ. पृष्ठभागाच्या खडबडीतपणाने एवढा फरक पडतो का? लवकर सांगा प्लीज.

कातळवेडी
अरे पण फट किती, दाब किती, कोअर केवढा, काहीच सांगितलं नाहीस. आम्ही काय अंतर्ज्ञानी आहोत का :)

दगडफोड्या
सॉरी. 54 मिमीचा कोअर, लांबी 108. दोन टोकांत पाण्याचा दाबफरक 10 किलोपास्कल, बाहेरून 2 मेगापास्कल. फट 0.15 मिमी. जेआरसी 10.

निवृत्त अभियंता
लॅबमधल्या या वीतभर तुकड्यांवरून काही कळत नसतं. आम्ही धरणाच्या पायात बोअर घेऊन सरळ ल्यूजॉन टेस्ट करायचो, 10 बारला मीटरमागे मिनिटाला किती लिटर पाणी खडक पितो ते बघायचं आणि ग्राउटिंग करून, म्हणजे फटींत सिमेंट भरून मोकळं व्हायचं. जेआरसी बिआरसी कोणी विचारत नव्हतं.

कातळवेडी
काका, त्याला ग्राउटिंग नाही करायचं, थिसिस लिहायचाय. आणि फटीवरचा दाब बदलला की पाण्याची वाट बदलते हे विसरलं की काय होतं ते 1959 साली फ्रान्समधल्या मालपासेच्या कमानी धरणाने दाखवलंय. डाव्या बाजूच्या नाइस खडकामध्ये कमानीच्या रेट्याने फटी आवळल्या गेल्या, पाणी मागे अडकलं, खालून दाब वाढला, आणि धरण गेलं. चारशेच्या वर माणसं मेली.

विहीरवाला बाप्पू
विषय खडकातल्या पाण्याचाच चाललाय म्हणून विचारतो, आमच्याकडं 300 फुटांवर काळा पाषाण लागलाय, वर मांजऱ्या (मऊसर सच्छिद्र खडक) होता त्यात थोडं पाणी होतं. अजून खाली जावं का?

रेनॉल्ड्सदास
हा सरळसरळ नॉन-लिनिअर फ्लोचा प्रकार आहे, म्हणजे पाणी दाबाच्या प्रमाणात वाढत नाही. खडबडीत फटीत भोवरे तयार होतात, इनर्शियामुळे प्रवाह कमी होतो. अशा प्रवाहाचं फोर्कहायमर समीकरण लाव, क्यूबिक लॉ विसर. मी माझ्या कामात हेच केलं होतं.

कातळवेडी
आधी रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की भोवऱ्यांचा ते सांगणारा आकडा) तरी काढा हो दास. मिनिटाला 11 मिली, 54 मिमी रुंदी, 4 च्या आसपास येतो. यात कसले भोवरे? दाब दुप्पट केला की पाणी दुप्पट येतंय का तेवढं बघ दगडफोड्या, येत असेल तर फोर्कहायमरचं नावही काढू नको.

दगडफोड्या
हो, दुप्पटच येतंय. पण मग बार्टनच्या सूत्रात शून्य का??

सांधेजोड
तू 0.15 मिलिमीटरमध्येच टाकलंस ना? ते सूत्र मायक्रॉनमध्ये आहे बाबा. 150 चा वर्ग 22500, भागिले 10 चा अडीचवा घात म्हणजे 316. उत्तर 71. ही झाली पाण्याला जाणवणारी फट. दगडाची फट 150 असली तरी पाणी चढउतारावरून, टेकलेल्या जागांना वळसे घालत जातं, म्हणून त्याच्यासाठी ती 71 चीच. आता 71 चा घन कर, मिनिटाला 9 मिली येईल.

दगडफोड्या
अरे देवा. मिलिमीटरच टाकलं होतं. तीन दिवस!! आणि 9 म्हणजे 11 च्या जवळच की.

सांधेजोड
पाण्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) किती तापमानाची धरलीस? 20 डिग्रीची 1.0 असेल. पाणी 30 ला असेल तर 0.8 घे, मग 9 चे 11 होतील.

दगडफोड्या
पाणी खरंच 30 ला आहे, लॅबमधला एसी बंद आहे. जमलं! थँक्यू थँक्यू.

कातळवेडी
थांब, एवढा नाचू नकोस. जेआरसी 10 आला कुठून?

दगडफोड्या
त्या दहा प्रोफाइल्सच्या तक्त्याशी डोळ्याने जुळवला.

कातळवेडी
मग 9 असता तर? व्हिस्कॉसिटी तीच ठेवून कर, 11 च्या जागी 25 येतील. 11 धरलास तर साडेपाच. सूत्रात अडीचवा घात, त्यावर परत घन, म्हणजे जेआरसीचा साडेसातवा घात खाली बसलाय. डोळ्याने एका अंकाची चूक तर सगळ्यांचीच होते. आणि फटीचं माप कसं घेतलंस?

दगडफोड्या
सुरुवातीची 0.2 फीलर गेजने कडेला मोजली, त्यातून एलव्हीडीटीने (सूक्ष्म सरकणं मोजणारा सेन्सर) दाखवलेलं 0.05 क्लोजर, म्हणजे फट मिटणं, वजा केलं.

सांधेजोड
कडेला कोअरचे टवके उडालेले असतात, तिथे फट जास्तच दिसते. सूत्रात मोठ्या ई चा, म्हणजे मोजलेल्या फटीचा वर्ग होतो, मग घन, म्हणजे सहावा घात. दहा टक्के जास्त मोजलंस तर पाणी पावणेदोन पट. तुझे 11 जुळले त्यात नशिबाचा वाटा बराच आहे.

रेनॉल्ड्सदास
स्कॅनर असेल तर प्रोफाइल स्कॅन करून झेड-टू (पृष्ठभागाच्या चढउतारांचा सरासरी उतार) काढ, त्यावरून जेआरसी. डोळ्याची भानगडच नको.

कातळवेडी
पण बिंदूंमधलं अंतर लिहून ठेव. फार जवळजवळ बिंदू घेतलेस की स्कॅनरचा नॉइजच खडबडीतपणा म्हणून मोजला जातो आणि जेआरसी फुगतो. आणि हो, हे रीडिंग कितव्या लोडिंगचं?

दगडफोड्या
पहिल्याच.

कातळवेडी
झालं! पहिल्या वेळी उंचवट्यांची टोकं चुरडतात, फट कायमची थोडी बसते. दोनतीनदा लोड चढवून उतरव, मग मोज. चढतानाचं आणि उतरतानाचं पाणी वेगळं येईल, त्याने घाबरू नकोस.

निवृत्त अभियंता
आणि शिअर दिलात, म्हणजे एक भाग दुसऱ्यावर आडवा सरकवलात तर? एक मिलिमीटर सरकला की उंचवट्यावर उंचवटा चढतो आणि फट उघडते, वरून दाब असला तरी. ते सूत्र तिथे चालायचं नाही. आमच्या वेळी एका बोगद्यात शिअर झोनमधून असंच भसाभसा पाणी आलं होतं.

सांधेजोड
काका, ल्यूजॉनवरून इथपर्यंत आलात, बरं वाटलं.

दगडफोड्या
शिअर पुढच्या सेमिस्टरला. आज रात्री तीन सायकल चालवतो, स्कॅनरसाठी मेकॅनिकलवाल्यांच्या पाया पडतो. सोमवारी 11 हा एकच आकडा न दाखवता जेआरसी 9 ते 11 चा पट्टाच दाखवेन.

विहीरवाला बाप्पू
माझं कुणी सांगेल का? बोअरचा गाडीवाला उद्या सकाळी येतोय.

सांधेजोड
बाप्पू, अखंड काळ्या पाषाणात पाणी फक्त सांध्यांतच. खाली सांधा लागेल की नाही हे इथे बसून कुणालाच सांगता येणार नाही. गाडी दोन दिवस थांबवा आणि भूजलवाल्या माणसाला जागा दाखवा.