चर्चा: ए.जे. लेव्हीन यांची चित्रपुस्तकं म्हणजे संशोधन की सुलभीकरण?

पोथीकिडा (धागाकर्ता):
एमी-जिल लेव्हीन स्वतः ज्यू, अभ्यास नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाचा. व्हँडरबिल्ट विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन, नव्या करारावरच्या स्त्रीवादी निबंधमालेचं संपादन, २०११ मध्ये मार्क ब्रेटलर यांच्यासह ज्यू अभ्यासकांच्या टिपांचा नवा करार. मग २०१७ पासून रब्बाय (ज्यू धर्मगुरू) सँडी सॅसो यांच्याबरोबर मुलांची पुस्तकं. माझ्या मते ही पुस्तकं विरंगुळा नाहीत, कारकिर्दीचा अर्क आहेत. पहिलं 'हू काउंट्स?' बघा. लूक १५ (लूकने लिहिलेल्या येशूचरित्राचा पंधरावा अध्याय) मधल्या येशूच्या तीन गोष्टी: १०० मेंढरांतलं एक हरवतं, १० नाण्यांतलं एक, २ मुलग्यांतला धाकटा. रूढ शिकवण पश्चात्तापाची: हरवलेला म्हणजे पापी, तो परत येतो. पण मेंढरू कसला पश्चात्ताप करणार, आणि नाणं तर नाहीच नाही! हरवलं मालकाकडून. शंभरातलं एक गेलं हे मोजल्याशिवाय कळत नाही. बापाला दोनच मुलगे, तरी धाकटा परतल्याच्या मेजवानीला थोरल्याला बोलवायचं राहिलंच. हे लहान मुलाला लगेच कळतं.

तिरका_समास:
असहमत. पश्चात्ताप लूकनेच लिहिलाय, ७ आणि १० ही वचनं वाचा. ती गाळून गोष्ट सांगणं हे संपादन झालं, संशोधन नव्हे.

पोथीकिडा:
मत्तयने लिहिलेल्या येशूचरित्रात (१८:१२-१४) तेच मेंढरू आहे, पश्चात्तापाविना. शिवाय पालक-शिक्षकांसाठी मागे टिपण असतं.

तिरका_समास:
टिपण मुलं वाचत नाहीत. खरी अडचण 'हू इज माय नेबर?' (२०१९) मध्ये आहे. ती लूक १० मधली येशूची गोष्ट: यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात; याजक (मंदिराचा पुजारी) आणि लेवी (मंदिराचा सेवक) न थांबता पुढे जातात; ज्यूंशी वैर असलेल्या शोमरोनी समाजातला एक जण जखमांवर तेल ओतून, जनावरावर बसवून त्याला वाचवतो. ज्यू-शोमरोनींच्या जागी निळे आणि पिवळे. यात वैर कशाचं? मोशेचं नियमशास्त्र दोघांचंही. वाद मंदिराच्या जागेचा, यरुशलेम की गरिज्जीम डोंगर. गरिज्जीमवरचं मंदिर ज्यू राज्यकर्त्या योहान हिर्कानसने इ.स.पू. दुसऱ्या शतकात पाडलं. लूक ९ मध्ये शोमरोनी गाव येशूला थारा देत नाही, तेव्हा शिष्य आकाशातून आग मागवायला निघतात. ही भाऊबंदकी आहे. रंग वेगळा म्हणून आलेला परकेपणा नव्हे.

गरिज्जीमची_वाट:
रंगांचा एक फायदा तुम्ही धरलाच नाही. संडे स्कूलमध्ये सर्रास सांगतात की याजक आणि लेवी विटाळाच्या भीतीने पुढे गेले. आपल्याकडे हे चटकन पटतं, म्हणून जास्तच घातक. माणूस अर्धमेला होता, प्रेत नव्हतं. याजक यरुशलेमहून खाली उतरत होता, म्हणजे मंदिरसेवेला निघाला नव्हता. लेवीय २१ (नियमशास्त्रातल्या एका पुस्तकाचा अध्याय) मधलं प्रेताला न शिवण्याचं बंधन याजकांना आहे, लेवींना नाही. आणि मिश्ना या ज्यू नियमसंग्रहानुसार (नाझीर ७:१) बेवारस प्रेतासाठी महायाजकानेही अशुद्ध व्हावं. निळ्या-पिवळ्यांत विटाळ शिरायला जागाच नाही. लेव्हीन यांचा स्त्रीवादी लेखनातला झगडाही हाच. येशूचं मोठेपण दाखवायला ज्यू धर्म काळा रंगवायचा, 'येशूने बायकांना त्यातून सोडवलं' म्हणायचं, याला त्यांचा विरोध आहे. लूक १५ मधल्या बाईकडे घर आणि दहा नाणी आहेत. ती येशूने दिलेली नाहीत.

तिरका_समास:
विटाळाचा मुद्दा मान्य. तरी दोन रंगांमधलं जुनं भांडण एका पानात तरी यायला हवं होतं. जुन्या करारातल्या २ इतिहास २८:१५ मध्ये शोमरोनातलेच लोक यहूदा राज्यातल्या युद्धकैद्यांना कपडे, अन्न, तेल देऊन, थकलेल्यांना गाढवांवर बसवून यरीहोला पोचवतात. तेल, जनावर, यरीहो: लूकच्या गोष्टीचा साचा तिथे तयार आहे. मुलांसाठी तो प्रसंग का उचलला नाही?