फोटोतला पायलट एसटी ड्रायव्हरवानी कोपर बाहेर काढून बसलाय, हे विमान कोणतं?

लातूरकर_दादा:
मंडळी नमस्कार. आजोबांच्या ट्रंकेत एक फोटो सापडलाय, मागं निळ्या शाईनं फक्त "चिकलठाणा १९७३". आजोबा तेव्हा औरंगाबादला टॅक्सी चालवायचे, विमानानं आलेले फॉरेनर वेरूळ-अजिंठ्याला फिरवून आणायचे. फोटोत ते अँबेसिडरला टेकून उभे आहेत, मागं पंख्याचं विमान, आणि पायलट बाजूच्या खिडकीतून कोपर बाहेर काढून बसलाय, जसं काय गाडी निलंग्याला लागली आणि तो चहाची वाट बघायलाय. विमानाची खिडकी उघडते का राव? काका म्हणायलेत हे व्हायकाउंट. पोराला शाळेच्या प्रदर्शनासाठी ह्याचं मॉडेल करायचंय. मी पाण्याची बाटली कापून पुढची काच मस्त गोल बसवली तर पोरगं म्हणतंय पप्पा फोटोत तर तुकडे तुकडे दिसायलेत.

उदगीरचा_पतंग:
व्हायकाउंटच ते. इंडियन एअरलाइन्सनं १९५७ पासून वापरलं. इंग्लंडचं, व्हिकर्स कंपनीचं, जगातलं पहिलं टर्बोप्रॉप (म्हणजे जेटसारख्या इंजिनानं पंखा फिरवणारं) प्रवासी विमान, २९ जुलै १९५० ला नॉर्थोल्टहून पॅरिसला पहिली फेरी मारली त्यानं. डोळे झाकून सांगतो.

रिटायर_फिटर_नांदेड:
डोळे झाकून सांगितलं तिथंच गडबड झाली पतंगराव. व्हायकाउंटला इंजिनं चार. दादा, फोटोत एका पंखावर किती दिसायलेत ते आधी सांगा, आणि पंख पोटाखालून गेलाय का डोक्यावरून?

लातूरकर_दादा:
एकच इंजिन दिसतंय काका, आणि ते पंखाच्या बरंच वर चढून बसलंय. पंख खालून.

रिटायर_फिटर_नांदेड:
मग अ‍ॅव्ह्रो. पंख वरून असता तर फॉकर म्हणलो असतो. गंमत अशी की व्हायकाउंट, फॉकर, अ‍ॅव्ह्रो तिन्हीला रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिनच, त्यामुळं त्या काळी नुसत्या आवाजावर पैज लावणारे हरायचे, कानात दाभण घातल्यावानी शिट्टी वाजायची. अ‍ॅव्ह्रो ७४८ इंग्लंडात जून १९६० ला उडालं आणि कानपूरला आपल्या एचएएलनं (हिंदुस्तान एअरोनॉटिक्स, सरकारी विमान कारखाना) जोडलेलं पहिलं १ नोव्हेंबर १९६१ ला, त्याचं नाव सुब्रोतो. एकूण ८९ बनवली. मी हवाई दलात ह्याच विमानाच्या खालीवर जवानी घातली.

आता कोपराचं. ती खिडकी उघडतेच. पुढची काच बर्फानं, तेलानं, नाहीतर पक्षी आपटून आंधळी झाली तर पायलटनं उतरायचं कसं, म्हणून बाजूची एक काच उघडायची सोय असते, तिला डायरेक्ट व्हिजन विंडो म्हणतात, आम्ही नुसतं डीव्ही म्हणायचो. वर हवेत केबिनमधी प्रेशर असताना उघडायची नाही हं. पण मे महिन्यात उभ्या विमानात इंजिन बंद, पंखा बंद, आत भट्टी. तुमच्या फोटोतला पायलट गरमीनं बसलाय तसा, रुबाब म्हणून नाही.

परभणीकर_सर:
तुकड्यांचं मी सांगतो, पोलिटेक्निकला शिकवतो म्हणून राहवत नाही. जाड काच गोल वाकवली की तिच्यातून धावपट्टीचे दिवे जागेवरून सरकलेले, पसरलेले दिसतात. सपाट काचेत दिवा जरासा बाजूला सरकेल पण वाकडा होणार नाही. आणि पायलटला नेमकं शेवटच्या पन्नास फुटांत खरं दिसायला पाहिजे! म्हणून समोर दोन सपाट काचा, मधी दांडा, मग बाजूला अजून सपाट तुकडे.

दुसरं म्हणजे प्रेशर. व्हायकाउंटमधी दर चौरस इंचावर साडेसहा पौंड आतून बाहेर ढकलायचं. एक फूट बाय एक फूट काच धरा, १४४ इंच, म्हणजे ९३६ पौंड. आपल्या भाषेत सव्वाचार क्विंटल, सोयाबीनचे सात-आठ कट्टे एका फरशीएवढ्या काचेवर. म्हणून तुकडे लहान आणि चौकट दणकट. आता प्रत्येक कंपनी ह्यात आपलं डोकं लावायची, कुणी डोक्यावर भुवयांसारख्या जादा खिडक्या दिल्या, वळताना वळणाच्या आत बघता यावं म्हणून. बोइंग ७३७ ला त्या भुवया कित्येक वर्षं होत्या, नंतर काढल्या. आणि फ्रान्सच्या कॅरव्हेल जेट विमानानं तर पुढचं नाक काचांसकट इंग्रजांच्या कॉमेट जेटचंच उचललं, ते कॅरव्हेलही आपल्या इंडियन एअरलाइन्सकडं १९६४ पासून होतं.

उदगीरचा_पतंग:
मानलं, अ‍ॅव्ह्रो. पण सर, एवढ्या जाड काचेला वीज कामून देतात? बर्फ वितळायला ना?

रिटायर_फिटर_नांदेड:
अर्धं बरोबर. काचेच्या थरांच्या मधी प्लास्टिकचा थर असतो. तो गार पडला की कडक होतो, पक्षी आदळला की कच्च्या पापडावानी तडकतो. गरम ठेवला की लवचिक राहतो, मार पचवतो. म्हणजे काच तापवायची ती नुसतं दिसायला नाही, जीव वाचवायला. आणि पोरांनो, मॉडेलची का असेना, काच कोरड्या फडक्यानं पुसू नका, आधी पाणी. धुळीचा एक कण आणि तिरकी रेघ, आमचा वॉरंट ऑफिसर त्या एका रेघेसाठी अख्ख्या हँगरसमोर आमची इज्जत काढायचा.

परभणीकर_सर:
दादा, बाटली टाकून द्या. जुनी एक्सरेची फिल्म घ्या, ब्लीचच्या पाण्यात ठेवली की काळं निघून जातं, सपाट आणि कडक. मधला दांडा आगपेटीच्या काडीचा.

लातूरकर_दादा:
सगळ्यांचे लई आभार. भिंगानं बघितलं, मधी दांडा आहे, भुवया नाहीत. डीव्हीची खिडकी पोरानं वेगळी कापून सेलोटेपच्या बिजागरीवर उघडती केलीय आणि त्यात पायलटचं मातीचं कोपर ठेवलंय. फक्त एक लफडं झालं, फिल्म म्हणून त्यानं उचलली ती आईच्या गुडघ्याच्या एक्सरेची, आणि सोमवारी डॉक्टरला दाखवायची होती ती.