तिसऱ्या उडीला विमानाचं नोजव्हील (पुढचं चाक) गेलं, माझं नक्की चुकलं कुठे?

पार्लेकरीण
नमस्कार मंडळी, मी पार्ल्याची, जुहू एअरोड्रोमची भिंत बघत मोठी झाले पण तिथे आता शिकायला विमान कुठे मिळतंय म्हणून बाहेरगावी एका फ्लाइंग स्कूलमध्ये सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करतेय (नाव विचारू नका प्लीज). २२ तास झालेत. गेल्या आठवड्यात सेस्ना १७२ वर सरांबरोबर सर्किट (उडायचं, चक्कर मारून परत उतरायचं) चालू होती. फायनलला (रनवेसमोर सरळ उतरताना) स्पीड ६५ नॉट हवा, माझा ७५. सर म्हणाले स्पीड बघ, मी म्हटलं हो सर आणि केलं काहीच नाही 🤦‍♀️ फ्लेअर केला (टेकण्याआधी नोज वर घेतलं) तर विमान बसेचना, तरंगतच राहिलं, मला वाटलं रनवे संपतोय म्हणून योक (हँडल) जरा पुढे दिलं, म्हणजे नोज खाली. नोजव्हील आधी टेकलं, उसळलो, परत पुढे दिलं, परत उसळलो आणि तिसऱ्यांदा धाडकन. सर 'आय हॅव कंट्रोल' म्हणेपर्यंत प्रॉप (पंखा) डांबरात. खरचटलंही नाही कुणाला. स्टेटमेंटमध्ये सगळं खरं लिहिलंय. नडेल का ते? आणि दोन-तीन सेकंदात एवढं कसं झालं? आई म्हणतेय पुरे झालं, बीकॉमचा फॉर्म भर.

जुना_इन्स्ट्रक्टर
याला पॉरपॉइजिंग म्हणतात. ७५ आणि ६५ मधला फरक दहाचा दिसतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते म्हणजे तू साधारण ३३ टक्के जास्त ऊर्जा घेऊन आलीस, वर जमिनीलगत ग्राउंड इफेक्टमुळे ड्रॅग (हवेचा विरोध) कमी, मग विमान कशाला बसतंय. तिथे योक धरून ठेवायचं, स्पीड आपोआप उतरतो, आणि रनवे पुरत नाही वाटलं तर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. उसळल्यावर नोज खाली दाबावंसं वाटतं पण विमान जरा उशिरा ऐकतं, म्हणजे तुझा धक्का झोपाळ्याला चुकीच्या वेळी लागतो आणि दर उडीला नोज जास्त जोरात आपटतं. पहिली उडी मोठी झाली की फुल पॉवर आणि निघायचं, सावरत बसायचं नाही. बाकी ड्युअलला (इन्स्ट्रक्टर बरोबर असताना) पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाला जबाबदार, इन्स्ट्रक्टर असतो. विद्यार्थ्याला चुकू द्यायचं किती आणि हात कधी घालायचा हे मला दहा वर्षांत पण नीट जमलं नाही, एकदा मीही उशीर केलाय, त्या दिवशी विमान वाचलं ते नशिबाने.

हँगरातला_मामा
नोजगिअर लँडिंग सोसायला नसतंच गं पोरी, ते काम मागच्या दोन चाकांचं. १७२ ला नोजचा स्ट्रट (चाकाचा दांडा) फायरवॉलला (इंजिनामागची भिंत) धरलेला असतो, त्यामुळे चाक बदललं की झालं असं नाही, फायरवॉलच्या पत्र्याला सुरकुत्या पडल्यात का ते आम्ही टॉर्च घेऊन बघतो. प्रॉप आपटला म्हणजे इंजिन पण उघडायचं, बाहेरून कितीही छान दिसू दे. पाती कुठे वळली होती? पॉवर असेल तर टोकं सहसा पुढे वळतात, आयडलला (पॉवर काढलेली) असेल तर मागे.

बोरिवली_फास्ट
सरांचं चुकलं हे बरोबर, पण 'हो सर' म्हणून काही न करणं हे तुझंच हां, रागावू नकोस. स्टेटमेंटचं टेन्शन घेऊ नको. २०१७ च्या तपासाच्या नियमांत स्पष्ट आहे, उद्देश अपघात टाळणं हा, कुणावर ठपका ठेवणं नाही. खोटं लिहिलं असतंस तर नडलं असतं, रनवेवर प्रॉपच्या खाचा असतातच.

पार्लेकरीण
मामा, मागे वळली होती, थ्रॉटल (पॉवरचा दांडा) मी पूर्ण ओढलेला. म्हणजे गो-अराउंडचा विचारच आला नाही डोक्यात, हे आत्ता लिहिताना कळतंय. काल सरांचा फोन आला, म्हणाले पुढचे पाच तास फक्त बाउन्स आणि गो-अराउंड करू, आणि म्हणाले मी पहिल्या उडीलाच कंट्रोल घ्यायला हवं होतं. सोमवारी निघतेय. आई बोलत नाहीये, पण मेतकूट आणि लोणचं बॅगेत भरून ठेवलंय, बीकॉमचा फॉर्म फ्रिजवर तसाच आहे.