नववीतल्या मुलीसाठी मराठी कादंबऱ्या सुचवा

मदत हवी आहे. भाची नववीत आहे, वाचनाचं वेड आहे. शांता शेळक्यांनी अनुवादलेली ‘चौघीजणी’ तिने संपवली. केस कापून विकणारी, माळ्यावर बसून गोष्टी लिहिणारी ज्यो तिला फार आवडली. मग मी मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ दिली, ज्यात मुकुंद वर्गातल्या शिरोडकर या मुलीच्या प्रेमात पडतो. वाचून म्हणाली, “मावशी, सगळं मुकुंदच सांगतो. शिरोडकरला काय वाटत होतं?” बरोबरच आहे की!

तर मुलगीच गोष्ट सांगते आहे, ‘मी कोण, मला काय हवंय’ हे स्वतःच शोधते आहे, अशी मूळ मराठी कादंबरी आहे का? अनुवादही चालेल. प्रेमप्रकरण असलं तरी हरकत नाही, पण शेवटी लग्न लावून मोकळं होणारी नको. उपदेश तर नकोच, तो घरात भरपूर मिळतो.